खानापुरातल्या घरात तीन संगणक आणि एक इंटरनेट जोडणी: फेरजुळणीच्या नोंदी

११ मे २०२४, शनिवार

आमचे घर खानापुरात जुन्या वस्तीत आहे. पुढचा सोपा आणि माजघर जांभ्या चिऱ्यांचे असून त्यावर कौले आहेत, आणि परसाच्या बाजूला दहा वर्षांपूर्वी बांधलेली स्लॅबची एक खोली आहे. सोप्यात दादाचा छपाईच्या मजकुराचा व्यवसाय चालतो, म्हणजे मराठी व कन्नड पत्रिका, पावतीपुस्तके, शाळांची प्रमाणपत्रे अशी कामे. माजघरात माझा लॅपटॉप असतो आणि मागच्या खोलीत पुतणीचा संगणक आहे. फायबरची तार सोप्यात येते.

आजवरची व्यवस्था अशी होती. फायबरच्या डब्यातून, म्हणजे ओएनयूमधून, तार थेट दादाच्या डेस्कटॉपला जात असे. डेस्कटॉपमध्ये दोन नेटवर्क कार्डे होती. पहिल्यावरून युजरनेम व पासवर्ड देऊन जोडणी लावायची आणि विंडोज ७ मधील इंटरनेट शेअरिंगच्या सोयीने ती दुसऱ्या कार्डावरून पुढे द्यायची. दुसऱ्या कार्डाची तार पाच खाचांच्या स्विचला, म्हणजे एक जोडणी अनेक उपकरणांना देणाऱ्या डब्याला जाई आणि स्विचला माझा लॅपटॉप, प्रिंटर व जुना वायफाय राउटर लावलेला होता. परिणामी दादाने डेस्कटॉप बंद केला की घरातले सगळेच बंद होई. पुतणीला रात्री काही उतरवून घ्यायचे असले की दादाचा संगणक पहाटेपर्यंत घरघरत राही. शिवाय विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षा अद्यतने मिळत नाहीत, आणि नेमका तोच संगणक आमच्या घराचा इंटरनेटकडचा दरवाजा होता, ही गोष्ट मला बरेच दिवस टोचत होती.

जोडणी लावण्याचे काम नव्या राउटरकडे द्यायचे, डेस्कटॉपला इतरांसारखाच एक संगणक करायचे, मागच्या खोलीपर्यंत तार न्यायची आणि जुना वायफाय राउटर तिकडे बसवायचा, असे ठरले. एका वाया गेलेल्या पत्रिकेच्या पाठीवर आराखडा काढला आणि एका रविवारचे काम आहे, असे दादाला सांगितले.

१२ मे २०२४, रविवार

पहिली चूक सकाळी दहा वाजताच झाली. डेस्कटॉप मोकळा करायचा म्हणून मी त्यावरील ब्रॉडबँडची जोडणी काढून टाकली आणि मग नव्या राउटरमध्ये भरण्यासाठी पासवर्ड शोधू लागलो. तो कोणाकडेच नव्हता. जोडणी बसवून गेलेल्या माणसाने तो स्वतः टाकला होता, विंडोजमध्ये तो ठिपक्यांच्या रूपात साठवलेला होता, आणि ते ठिपकेही मी नुकतेच पुसले होते. दादाच्या डायरीत युजरनेम सापडले, पण पासवर्डच्या जागी फक्त ‘नेटवाला’ असे लिहून फोन क्रमांक होता. रविवार असल्याने तो फोन कोणी उचलला नाही.

दादाला एका शाळेला मजकुराची प्रत तपासणीसाठी पाठवायची होती. ती माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पाठवली. तो काही बोलला नाही, पण वहिनी दोनदा येऊन ‘झालं का?’ असे विचारून गेल्या. ज्याला हे काम करायचे असेल त्याने जुन्या जोडणीला हात लावण्यापूर्वी पासवर्ड हाती घ्यावा आणि तो एकदा प्रत्यक्ष टाकून पाहावा.

१४ मे २०२४, मंगळवार

सोमवारी फोन लागला. पलीकडचा तंत्रज्ञ आधी ‘केंपु लाइट बंदिदेया?’ म्हणून विचारत राहिला, कारण तक्रार म्हटली की डब्यावर लाल दिवा लागला असणार असे त्याने गृहीत धरले होते. आमच्याकडे लाल दिवा नव्हता. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये त्याला समजावल्यावर त्याने आज सकाळी नवा पासवर्ड संदेशाने पाठवला.

तो राउटरमध्ये भरला, तर राउटर जोडणी नाकारत होता. पासवर्डच चुकीचा आहे की राउटरमध्ये काही बिघाड आहे हे ठरवण्यासाठी डेस्कटॉपवर पुन्हा जुन्या पद्धतीची जोडणी तयार केली. तिथे ६९१ क्रमांकाची चूक आली, म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड मान्य नव्हता. संदेश नीट पाहिला तेव्हा जे अक्षर मी ‘ओ’ समजत होतो ते शून्य होते. ते बदलताच डेस्कटॉप जोडला गेला, परंतु तोच पासवर्ड राउटरमध्ये भरल्यावर राउटर मात्र नकारच देत राहिला.

डेस्कटॉपवरून चालते आणि राउटरवरून चालत नाही, याचा अर्थ पासवर्ड आता बरोबर होता आणि पलीकडच्या यंत्रणेला उपकरण ओळखीचे नव्हते. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच दिलेला बारा अक्षर-अंकांचा मॅक पत्ता असतो, आणि काही जोडणीदार, म्हणजे इंटरनेट पुरवणारे, तो आपल्याकडे नोंदवून फक्त त्यालाच आत घेतात. राउटरमध्ये ‘मॅक क्लोन’ नावाची सोय असते. तिच्यात जुन्या कार्डाचा पत्ता भरला की राउटर बाहेरच्या बाजूला त्या कार्डाच्या नावाने वावरतो. मी पत्ता भरला, तरीही नकार आला. डेस्कटॉपमध्ये कार्डे दोन होती आणि मी आतल्या बाजूच्या कार्डाचा पत्ता टिपून घेतला होता, हे लक्षात यायला सव्वा तास गेला. बाहेरच्या कार्डाचा पत्ता भरून, ओएनयू दहा मिनिटे बंद ठेवून, म्हणजे डेस्कटॉपची अडकून राहिलेली जुनी जोडणी पलीकडे सुटेल अशा बेताने पुन्हा सुरू केला, आणि राउटरवरचा इंटरनेटचा दिवा हिरवा झाला.

ते बाहेरचे कार्ड मी डेस्कटॉपमधून काढून दादाच्या खणात ठेवले आहे, कारण एकाच घरात एकच मॅक पत्ता दोन ठिकाणी वावरणे मला नको होते. डेस्कटॉप आता उरलेल्या कार्डाने राउटरला जोडला, पण त्याला इंटरनेट मिळेना. इंटरनेट शेअरिंग चालू केल्यावर विंडोज आतल्या कार्डाला १९२.१६८.१३७.१ हा आयपी पत्ता (मॅकहून वेगळा, घरातल्या जाळ्यात उपकरणाला दिलेला बदलता येणारा क्रमांक) कायमचा चिकटवते, आणि शेअरिंग गेले तरी तो पत्ता तसाच राहिला होता. नवा राउटर मात्र १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटत होता. कार्डाच्या गुणधर्मांत जाऊन पत्ता आपोआप घेण्याची निवड केल्यावर डेस्कटॉप जागेवर आला.

१८ मे २०२४, शनिवार

मागच्या खोलीत तार नेण्याचे काम आज केले. वायफायवर भागवावे असा दादाचा आग्रह होता, म्हणून त्याच्यासमोर मोबाइल घेऊन सोप्यातून परसापर्यंत चालत गेलो. माजघराची भिंत ओलांडली की संकेताची एकच काडी उरते आणि न्हाणीच्या पुढे तीही जाते. दीड फूट जाडीच्या चिऱ्यांच्या दोन भिंती मध्ये आहेत, त्यांच्यापुढे राउटरची शिंगे कितीही लांब असली तरी उपयोग नाही.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागून टणक होतो. आमच्या भिंतीला हवा लागून सत्तर-ऐंशी वर्षे झाली आहेत. गवंड्याकडून आणलेले ड्रिल अर्ध्या भिंतीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले, कारण त्याचे पाते आठ इंचांचे होते. लांब पाते मिळेपर्यंत थांबण्याऐवजी जुन्या टीव्हीच्या केबलचे भोक कुठे होते याचा शोध घेतला, आणि ते माळ्याखाली, चुन्याने बुजवलेल्या अवस्थेत, वहिनींना आठवले. मी मात्र दोन तास भिंत पोखरून लाल धुळीने सोपा माखला होता. दादाच्या कागदांच्या रिमांवर चादर टाकायला विसरलो, त्यामुळे वरचे पंचवीसेक कागद वाया गेले.

भोकातून बाहेर आलेली तार वळचणीखालून अर्ध्या इंची पाइपातून नेली. मागच्या खोलीच्या भिंतीत नवे भोक पाडावे लागले. तिथे विटा असल्याने ते काम दहा मिनिटांत झाले. ते भोक बाहेरच्या बाजूला उतरते ठेवले आणि तार आत शिरण्यापूर्वी तिला खाली वीतभर झोळ दिला, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत आले तर झोळाच्या तळाशी ठिबकेल आणि खोलीत शिरणार नाही. आमच्याकडच्या पावसात हा झोळ नसेल तर आठ दिवसांत भिंतीला ओल येते.

१९ मे २०२४, रविवार

तार वाया गेली. इथल्या दुकानातून बारा रुपये मीटरने तीस मीटर तार आणली होती. टोकाला कनेक्टर बसवताना आतल्या बारीक तारा वाकवल्या की तुटत होत्या. शंका आल्यावर एका तारेला ब्लेडने हलकेच खरवडले, तर वरचा तांब्याचा रंग निघून आत पांढरट चकाकी दिसली. तार ॲल्युमिनियमची असून तिला तांब्याचा नुसता मुलामा होता. अशी तार जवळच्या अंतरावर चालूनही जाते, पण ती लवकर तुटते आणि तिचा विद्युत रोधही तांब्यापेक्षा जास्त असतो. पाइपात ओवलेली सगळी तार काढली.

दुपारी बेळगावला जाऊन बावीस रुपये मीटरची पूर्ण तांब्याची पस्तीस मीटर तार आणली. या वेळी दुकानातच टोक खरवडून पाहिले. दुकानदाराला ते आवडले नाही. जुन्या तारेला दोरी बांधून न काढल्याबद्दल मला पश्चात्ताप झाला, कारण तसे केले असते तर जुनी तार ओढताना दोरी आपोआप पाइपात गेली असती आणि नवी तार ओवायला संध्याकाळचे दोन तास लागले नसते.

२२ मे २०२४, बुधवार

रविवारी रात्री दोन्ही टोकांना कनेक्टर बसवले, शेजारून आणलेला टेस्टर लावला, त्याचे एक ते आठ दिवे दोन्ही बाजूंना क्रमाने लागले आणि मी निश्चिंत झोपलो. त्यानंतरचे तीन दिवस पुतणी सांगत होती की, ‘काका, नेट येतं पण पान अर्धं उघडून थांबतं.’ मी आधी तिच्या संगणकाला दोष दिला, मग स्विचला आणि शेवटी जोडणीदाराला. माझा लॅपटॉप तिच्या खोलीत नेऊन मुख्य राउटरला पिंग केले, म्हणजे लहान चाचणी-संदेश पाठवून ते परत येतात का पाहिले, तर शंभरातले तीसेक संदेश परतच येत नव्हते. तोच लॅपटॉप सोप्यात राउटरशेजारी लावला की एकही संदेश हरवत नव्हता. दोष तारेतच होता, आणि टेस्टर तर ती चांगली असल्याचे सांगत होता.

मी रंगांच्या जोड्या शेजारी-शेजारी लावल्या होत्या: नारिंगी-पांढरा व नारिंगी, हिरवा-पांढरा व हिरवा, निळा-पांढरा व निळा, तपकिरी-पांढरा व तपकिरी. दिसायला हे अगदी व्यवस्थित वाटते. दोन्ही टोकांना एकच क्रम असल्याने टेस्टरही संतुष्ट होतो, कारण तो फक्त एका कनेक्टरची अमुक टाचणी दुसऱ्याच्या अमुक टाचणीला पोचते का एवढेच पाहतो. परंतु प्रत्यक्षात तिसरी व सहावी टाचणी मिळून एक जोडी होते, आणि त्या दोघींना एकमेकींभोवती पीळ घातलेल्या तारा मिळाव्या लागतात. माझ्या क्रमात तिसरीला हिरवा-पांढरा आणि सहावीला निळा रंग गेला होता, म्हणजे दोन वेगवेगळ्या पिळांमधली एकेक तार. पिळामुळे बाहेरचा अडथळा जो कापला जातो तो कापलाच जात नव्हता. हातभर तारेत हे खपून जाते, पण आमच्या सव्वीस मीटरमध्ये ते खपले नाही.

योग्य क्रम असा: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. म्हणजे हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी बसते. कनेक्टरची खिट्टी खाली आणि सोनेरी पट्ट्या वर धरल्या की डावीकडून हा क्रम लागतो. दोन्ही टोके कापून पुन्हा बसवली. पुन्हा शंभर वेळा पिंग केले आणि शंभरही संदेश परत आले.

२६ मे २०२४, रविवार

शनिवार आणि रविवार हे दोन्ही दिवस जुन्या वायफाय राउटरने खाल्ले. त्याला मागच्या खोलीत लावायचे होते. तार मी सवयीने त्याच्या वॅन खाचेत, म्हणजे इंटरनेटच्या तारेसाठी असलेल्या वेगळ्या रंगाच्या खाचेत खोचली. आतून तोही १९२.१६८.१ चेच पत्ते वाटत होता आणि बाहेरूनही त्याला त्याच मालिकेतला पत्ता मिळाला. एकाच मालिकेचे पत्ते दोन्ही बाजूंना आल्यावर माहितीचे कोणते पाकीट कुठे द्यायचे हे त्याला कळेना आणि काहीच चालेना.

मग तार साध्या खाचेत लावली. लगेच सगळे चालू झाले, आणि हीच या कामातली सर्वात फसवी पायरी ठरली. रविवारी सकाळी पुतणीचा संगणक चालत होता, दुपारी तो बंद करून लावल्यावर इंटरनेट नव्हते, वहिनींचा फोन चालत होता, माझा लॅपटॉप झाकण उघडल्यावर कधी जोडला जाई तर कधी नाही. प्रत्येक वेळी आदेशाच्या काळ्या खिडकीत पाहावे तर पत्ता बरोबर, राउटरचा पत्ताही बरोबर, १९२.१६८.१.१.

घोटाळा त्या ‘बरोबर’मध्येच होता. नवा राउटर आणि जुना राउटर दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच होता, आणि दोघेही डीएचसीपीने, म्हणजे आपोआप पत्ते देण्याच्या सोयीने, घरभर पत्ते वाटत होते. जो आधी उत्तर देईल त्याच्याकडून संगणक पत्ता घेत होता. जुन्याच्या मागे तर इंटरनेट नव्हतेच. हे उघडकीस आले ते असे: ‘एआरपी -ए’ हा आदेश दिला की कोणत्या पत्त्यामागे कोणता मॅक आहे ते दिसते. चालत असलेल्या वेळी १९२.१६८.१.१ समोर एक मॅक होता आणि बंद पडलेल्या वेळी दुसराच. तो दुसरा मॅक कागदावर उतरवून मी जुना राउटर उलटा केला. खालच्या पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीवर तोच छापलेला होता.

दुरुस्ती करताना जुना राउटर घराच्या तारेपासून पूर्ण सोडवला आणि फक्त माझा लॅपटॉप त्याला लावला. आधी त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, नव्या पत्त्यावरून पुन्हा आत शिरून डीएचसीपी बंद केले, वायफायचे नाव व पासवर्ड मुख्य राउटरसारखेच ठेवले, मात्र वाहिनी वेगळी दिली: सोप्यात १ आणि मागे ११, कारण २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ या वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत. मग घरची तार पुन्हा साध्या खाचेत लावली आणि वॅन खाचेवर काळी चिकटपट्टी लावून टाकली, कारण आणखी सहा महिन्यांनी मीच तिथे तार खोचेन याची मला खात्री आहे. आता घरात पत्ते वाटणारा एकच आहे.

२ जून २०२४, रविवार

प्रिंटर तीन आठवडे रुसलेला होता आणि दादा त्याला यूएसबीने चालवत होता. जुन्या व्यवस्थेत त्याला १९२.१६८.१३७.२० हा पत्ता त्याच्या छोट्या पडद्यावरून कायमचा दिलेला होता. त्याला आपोआप पत्ता घ्यायला सांगितले आणि राउटरमध्ये त्याच्या मॅकसाठी १९२.१६८.१.५० राखून ठेवला. मग प्रत्येक संगणकावर जुना प्रिंटर काढून नव्या पत्त्याने जोडला. पुतणीला आता मागच्या खोलीतून छापता येते, त्यामुळे दादाचे कागद अधिक लवकर संपणार आहेत.

फायलींची देवाणघेवाण मात्र होईना. दादाच्या विंडोज ७ वर होमग्रुप, म्हणजे घरातल्या संगणकांनी फायली वाटून घेण्याची विंडोजची सोय, केलेला होता, आणि विंडोज १० मधून होमग्रुप २०१८ मध्येच काढून टाकण्यात आला. होमग्रुप मोडून साधे फोल्डर शेअर केले आणि पासवर्ड असलेले एक वेगळे खाते त्यासाठी केले. नवा राउटर लागल्यावर डेस्कटॉपने नेटवर्क ‘सार्वजनिक’ मानले होते, ते ‘घरगुती’ केल्यावर फोल्डर दिसू लागला. हे वीस मिनिटांचे काम होते.

९ जून २०२४, रविवार

पावसाला सुरुवात झाली आहे आणि करंट दिवसातून तीन-चारदा जातो. डेस्कटॉपच्या यूपीएसवर आता ओएनयू आणि राउटरही लावले आहेत. करंट गेल्यावर दादाने डेस्कटॉप लगेच बंद केला तर ही दोन लहान उपकरणे बराच वेळ तग धरतात.

गुरुवारपासून मुख्य राउटर दर पाच-दहा मिनिटांनी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत होता. विजांमुळे गेला असे समजून मी नव्या राउटरच्या किमती पाहायला सुरुवात केली. झाले होते एवढेच, की वहिनींनी शेल्फ पुसताना दोन्ही ॲडॉप्टर काढून पुन्हा लावले होते. दोन्ही १२ व्होल्टचे, दोघांच्या पिना सारख्या, परंतु ओएनयूचा ०.५ अँपिअरचा आणि राउटरचा १.५ अँपिअरचा. वायफायवर काम वाढले की राउटर जास्त करंट मागे, तो अर्ध्या अँपिअरच्या ॲडॉप्टरला देता येत नसे आणि राउटर कोलमडे. अदलाबदल करताच हा प्रकार थांबला. पुतणीच्या लाल नखरंगाचा एकेक ठिपका राउटरवर आणि त्याच्या ॲडॉप्टरवर दिला आहे. शेल्फ पुसण्यापूर्वी सांगून ठेवणे माझे काम होते, हे वहिनींनी मला ऐकवले आणि ते खरे आहे.

१६ जून २०२४, रविवार

खर्चाचा हिशेब: नवा राउटर १,४५० रुपये, वाया गेलेली तार ३६०, तांब्याची तार ७७०, वीस कनेक्टर १२० (त्यातले अकरा वाया), क्रिंपिंगचे हत्यार ३५०, पाइप १३५, खिळे-क्लिपा ४० आणि बेळगावला जाण्यायेण्याचे पेट्रोल २००. एकूण ३,४२५ रुपये. एका रविवारचे काम म्हणून सुरू केलेले हे प्रकरण पाच आठवडे चालले. त्यातला प्रत्यक्ष कामाचा वेळ दोन दिवसांपेक्षा अधिक नसावा, बाकीचा पासवर्ड, रंगांचा क्रम आणि जुना राउटर यांनी घेतला.

एक कागद छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. त्यावर युजरनेम, पासवर्ड (शून्याखाली रेघ ओढून), क्लोन केलेला मॅक, दोन्ही राउटरांचे पत्ते आणि प्रिंटरचा पत्ता आहे.

माळ्यावर अजून वायफाय पोचत नाही. तिथे वापर नसल्याने तूर्त तसेच सोडले आहे.

२२ जून २०२४, शनिवार

दादाचा डेस्कटॉप आज नवी हार्ड डिस्क आणि नवे विंडोज घालण्यासाठी बेळगावला दिला. तो सोमवारी मिळेल. टेबलावर त्याच्या जागी धुळीचा चौकोन तेवढा आहे, शेजारी राउटरचे दिवे लुकलुकत आहेत, आणि मागच्या खोलीत पुतणीचा व्हिडिओ न थांबता चालू आहे.